रिमांड होममधला दिवस आणि आपल्या पोराची तब्येत



या पानावर आपण बीपी, साखर, बाळंतपण, लसीकरण यांवर बोलत असतो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तोही तब्येतीचाच आहे. वस्तीतल्या एखाद्या घरातले पोरगे पोलिसांनी उचलले आणि ‘रिमांड होमला टाकले’ असे कळले की घरातले लोक आधी लाजेने गप्प होतात. आत काय असते, मुले कशी राहतात, काय खातात, आजारी पडली तर कोण बघते, हे कोणाला विचारत नाहीत. मग फिटच्या गोळ्या चालू असलेले पोरगे आत गोळ्यांविना राहते, आणि सिकलसेल असलेले पोरगे थंड पाण्याने अंघोळ करून दुखण्याने तळमळते. घरच्यांनी पहिल्याच दिवशी काय सांगितले आणि प्रत्येक भेटीत काय विचारले, यावर पोराची आतली तब्येत बरीचशी अवलंबून असते. म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपण सगळ्याच जागांना रिमांड होम किंवा बालसुधारगृह म्हणतो. कायद्यात त्या वेगवेगळ्या आहेत. चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात ते निरीक्षणगृह. बाल न्याय मंडळाने निर्णय देऊन ठेवायला सांगितले तर ते विशेष गृह. सोळा ते अठरा वयाच्या, गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी आणि चौकशीच्या काळात अठरा पूर्ण झालेल्यांसाठी सुरक्षित ठिकाण म्हणून वेगळी जागा असते. ज्यांना घर नाही, जी मुले हरवलेली किंवा टाकलेली आहेत, त्यांच्यासाठी बालगृह. बालगृहातल्या पोराने काहीही केलेले नसते, तरी वस्ती त्यालाही ‘सुधारगृहातला’ म्हणते. हे थांबवायला हवे.

मुंबईत तर ‘डोंगरीला टाकले’ एवढे म्हटले तरी पुरते. ती जागा मूळची तुरुंगाचीच. १८८२ साली टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. त्यामुळे लोकांच्या तोंडी तुरुंग हा शब्द बसला तर नवल नाही. कायद्याने मात्र निरीक्षणगृह हा तुरुंग नाही. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आरोप कोणताही असो. हे सहज मिळालेले नाही. १९८० च्या दशकात पत्रकार शीला बारसे यांनी देशभरातल्या तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. आज लागू असलेला बाल न्याय कायदा २०१५ चा आहे आणि तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला.

पहिले चोवीस तास

पोराला पोलिसांनी नेले की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक बाई असायलाच हवी. पोलिसांनी आईबापांना ताबडतोब कळवायचे असते. मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, मारहाण करायची नाही, कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. मुलाशी बोलणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशातही असू नये, असे नियम सांगतात. प्रत्यक्षात काय होते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून मंडळापुढे पोराला आणले की आईने आधी त्याचे अंग बघावे. पाठ, तळपाय, कान, डोक्याचा मागचा भाग. कानाखाली मारल्याने पडदा फाटतो आणि एका कानाने कमी ऐकू येते. तळपायावरच्या माराचा वळ दोन दिवसांत दिसेनासा होतो. काही दिसले तर तिथेच मंडळाला सांगावे आणि वैद्यकीय तपासणी मागावी. ‘घरी आला की बघू’ म्हटले तर पुरावा जातो आणि उपचारही.

निरीक्षणगृहात दाखल झाल्यापासून चोवीस तासांत डॉक्टरने मुलाला तपासले पाहिजे, असा नियम आहे. आजार अंगावर असेल तर लगेच. वजन, उंची, जखमा, त्वचा, जुने आजार, चालू औषधे हे सगळे त्याच्या आरोग्याच्या कागदावर लिहायचे असते, आणि पुढे दर महिन्याला तपासणी करून त्यात नोंद ठेवायची असते. आता नर्स म्हणून सांगते. पंधरा-सोळा वर्षांचा घाबरलेला पोरगा डॉक्टरसमोर उभा राहिला आणि डॉक्टरने ‘काही आजार आहे का’ विचारले, तर तो ‘नाही’ म्हणतो. त्याला वाटते, काही सांगितले तर जास्त दिवस ठेवतील. म्हणून हे काम आईबापांचे आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा: माझा मुलगा अमुक, वय इतके, याला अमुक आजार आहे, अमुक गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, अमुक औषधाची ॲलर्जी आहे. सोबत डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि गोळ्यांची मूळ पट्टी. सुट्ट्या गोळ्या पुडीत बांधून नेल्या तर कोणी घेणार नाही, आणि घेऊही नयेत. अर्जाची एक प्रत मंडळाला, एक अधीक्षकांना, आणि तिसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती घरी ठेवा. तोंडी सांगितलेले पाळी बदलली की हवेत विरते.

कागदाचा विषय निघालाच आहे तर वयाचेही सांगते. पोरगा अठराच्या आतला आहे हे कशावरून ठरते? कायद्यात क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी, आणि तिच्यात दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. आधार कार्ड या यादीत नाही. आपल्या कितीतरी घरांत दाखला पावसात भिजून गेलेला असतो, किंवा शाळेत एक नाव आणि घरात दुसरे. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माणसाला सोडून दिले. १९९४ च्या पुण्यातल्या खून खटल्यात त्याला फाशीची शिक्षा झाली होती आणि तो २८ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता. राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यावरून सिद्ध झाले की गुन्हा घडला तेव्हा त्याचे वय बारा वर्षे होते. शाळेत एक नाव, खटल्यात दुसरे, अशीच त्याची गोष्ट होती. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर आपल्या वस्त्यांत पोलीस घरोघर फिरले, तेव्हाही पोरांचे दाखले शोधताना आयांची किती धावपळ झाली ते अनेकांना आठवत असेल. शाळेचा दाखला आणि जन्मदाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा. नावात फरक असेल तर आजच दुरुस्त करून घ्या.

आतला दिवस

गृहागृहाप्रमाणे वेळा बदलतात, पण चाल साधारण एकच असते. सकाळी सहाच्या सुमारास उठवतात. आधी गिनती. मग दात घासणे, संडास, अंघोळ. एका संडासाला सात मुले आणि एका न्हाणीघराला दहा मुले, एवढी सोय असावी असे नियमांत आहे. जिथे गर्दी असते तिथे हे गणित मोडते, रांगेत भांडणे होतात, दांडगी मुले पुढे घुसतात, आणि बारकी मुले संडासला जायचेच टाळतात. बद्धकोष्ठ आणि पोटदुखी आतून येणाऱ्या मुलांत मी फार बघितली, त्याचे निम्मे कारण इथे आहे.

मग प्रार्थना, कवायत, नाश्ता. प्रार्थनेवर थोडे थांबते. काही ठिकाणी संविधानाची उद्देशिका म्हणतात, ते उत्तमच. काही ठिकाणी देवाची आरती असते आणि न म्हणणाऱ्या पोराला ‘शहाणा’ म्हणून वेगळे काढतात. आपल्या मुलाने मनात त्रिसरण-पंचशील म्हटले तर त्याला कोणी अडवू शकत नाही, आणि आरती म्हणायची सक्तीही करता येत नाही. हे त्याला भेटीत सांगा, पण भांडण करायला लावू नका. आत त्याला एकट्याला राहायचे असते. तक्रार आपण बाहेरून करू.

सकाळी वर्ग भरतो. सातवी शिकलेला आणि अक्षरओळख नसलेला एकाच चटईवर बसलेले असतात, त्यामुळे शिकवणे जेमतेमच होते. काही ठिकाणी शिवणकाम, सुतारकाम, संगणक असे काही शिकवतात. बाराच्या आसपास जेवण, दुपारी आराम, चारला चहा, मग खेळ. कॅरम, व्हॉलीबॉल, टीव्ही. संध्याकाळी पुन्हा गिनती, प्रार्थना, सातच्या आत-बाहेर जेवण, आणि आठ-साडेआठला बराकीचे दार बंद. असे लिहिले की सगळे भरगच्च वाटते. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग रिकामा जातो. शिक्षक रजेवर असतो, मैदानाची किल्ली नसते, बाहेर न्यायला माणूस नसतो. मुले भिंतीला टेकून बसून राहतात. या रिकाम्या वेळात तब्येत सगळ्यात जास्त बिघडते असे माझे मत आहे. मारामारी, हातावर ब्लेडने काप मारणे, मोठ्या मुलांकडून लहानांचा छळ, सगळे त्याच वेळात होते.

साफसफाईची पाळी मुलांनाच असते. स्वतःची जागा झाडणे, ताट घासणे यात वाईट काही नाही. पण संडास धुवायला रोज कोणाला लावतात, हे पोराला विचारा. आडनाव विचारून पाळी लावली जात असेल तर ती साधी पाळी नाही. लेखी तक्रार करा.

जेवणाचे मापही नियमांत ठरले आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे रोज माणशी धान्य ६०० ग्रॅम, सोळा ते अठराच्या मुलांना ७०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य १२० ग्रॅम, नाश्त्याला १५० मिली दूध, शिवाय पालेभाजी, दुसरी भाजी, दही किंवा ताक. हे कच्च्या शिध्याचे माप आहे. वाढत्या वयाच्या पोराला हे पुरेल असे आहे, ताटात आले तर. भेटीत ‘जेवलास का’ विचारू नका, तो ‘हो’च म्हणेल. ‘काल रात्री काय होते, वरण घट्ट होते की पाणी, दूध मिळाले का’ असे विचारा. आणखी एक गोष्ट वेळेची. रात्रीचे जेवण सातला आणि नाश्ता सकाळी आठला असेल तर मध्ये तेरा तासांची उपासमार होते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर पहाटे घसरू शकते. त्याला रात्री झोपताना काही खायला मिळेल अशी डॉक्टरची लेखी सूचना आईबापांनी मिळवून द्यावी.

अंगावरचे आजार

आत सगळ्यात जास्त आढळते ती खरूज. पंचवीस मुलांना हजार चौरस फूट, म्हणजे माणशी चाळीस चौरस फूट जागा असावी, पण अंथरुणे एकमेकांना लागलेली असतात, टॉवेल आणि कपडे वाटून वापरतात. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, जांघेत बारीक पुळ्या आणि रात्री वाढणारी खाज, ही खूण. एका मुलाला औषध लावून उपयोग नसतो. त्या खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावावे लागते, सकाळी धुवायचे, आठवड्याने पुन्हा एकदा, आणि कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायच्या. गजकर्णाला मेडिकलमधली गोरे करणारी किंवा खाज मारणारी ट्यूब लावू नका. तिच्यात स्टेरॉइड असते, दोन दिवस बरे वाटते आणि मग गजकर्ण दुप्पट पसरते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन कमी होणे, संध्याकाळचा ताप असेल तर टीबीसाठी थुंकी तपासायला सांगा. बंद खोलीत एकाला झाला की शेजारच्याला व्हायला वेळ लागत नाही.

विदर्भातल्या घरांसाठी सिकलसेलचे वेगळे सांगते, कारण आपल्या समाजात तो बऱ्याच घरांत आहे. वाहक असलेल्या मुलाला सहसा त्रास नसतो. पण एसएस म्हणजे रुग्ण असलेल्या मुलाला थंडी, कमी पाणी, उन्हातली कवायत, जागरण यांनी दुखण्याचा झटका येतो. हातपाय, पाठ, छाती इतकी दुखते की पोरगा ओरडतो. बाहेरून काही सूज नाही, जखम नाही, म्हणून काळजीवाहकाला वाटते नाटक करतोय. एका गृहात कवायतीला न उठलेल्या मुलाला शिक्षा म्हणून मैदानात उभे केलेले मी स्वतः पाहिले आहे. त्याचे कार्ड घरी कपाटात होते. सिकलसेलचे कार्ड पहिल्या दिवशी अर्जाला जोडा. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड बंद पडू देऊ नका. पाण्याची बाटली जवळ असावी, थंडीत कोमट पाणी मिळावे, आणि ताप आला, श्वास लागला किंवा छातीत दुखले तर तासाभरात रुग्णालय, असे डॉक्टरकडून लिहून घ्या. फिट येणाऱ्या मुलाचेही तसेच. गोळी दोन दिवस चुकली तरी फिट येऊ शकते, आणि रात्री बराक बंद असते.

नशेबद्दल मोकळेपणाने बोलू. सोल्यूशन, व्हाइटनर, गांजा, गुटखा, खोकल्याचे औषध, ‘बटण’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या. घरच्यांना बहुतेक वेळा माहीत असते आणि ते लपवतात. लपवू नका. रोज बटण खाणाऱ्या पोराचे बटण एकदम बंद झाले तर घाम, थरथर, झोप उडणे आणि फिटसुद्धा येऊ शकते. रोज दारू पिणाऱ्याचेही तसेच. डॉक्टरला माहीत असेल तर तो गोळ्या हळूहळू कमी करून सोडवतो. माहीत नसेल तर सगळे म्हणतात पोरगा माजलाय, आणि मार मिळतो. व्यसन असलेल्या मुलाला उपचारासाठी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचा अधिकार मंडळाला कायद्याने आहे. ते मागता येते. व्यसन सांगितले म्हणून आरोप वाढत नाही.

मनाचे काय होते ते आईला भेटीच्या खोलीतच कळते. पहिला आठवडा झोप येत नाही. चौदा वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करतो आणि त्यावरून चिडवला जातो. काही मुले बोलायचीच बंद होतात. रडणारे पोरगे मला कमी काळजीचे वाटते, जास्त काळजी वाटते ती ‘मला न्यायला येऊ नकोस’ म्हणणाऱ्याची आणि जवळच्या वस्तू दुसऱ्यांना वाटून टाकणाऱ्याची. असे दिसले तर त्याच दिवशी अधीक्षक आणि समुपदेशकाला सांगा, मानसोपचाराची मागणी लिहून द्या. घरच्यांना स्वतःला बोलायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येते.

लैंगिक छळाची शंका असेल तर गप्प बसू नका. चालताना त्रास, संडासच्या जागी रक्त, एखाद्या ठरावीक मुलाचे किंवा माणसाचे नाव काढले की चेहरा उतरणे. गृहातल्या कर्मचाऱ्याने असे केले तर पॉक्सो कायद्यात ते जास्त कडक शिक्षेचे कलम आहे. ही माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. बाहेरून १०९८ वर फोन करता येतो.

मुलींची गृहे वेगळी असतात आणि मुलीही थोड्या असतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष आणखी कमी जाते. पॅड वेळेवर आणि पुरेसे मिळतात का, ते मागायला पुरुष कर्मचाऱ्याकडे जावे लागते का, पाळी चुकली आहे का, हे आईने थेट विचारावे. घाबरल्यानेही पाळी पुढे जाते, पण तपासणी करून घ्यावी.

लवकर बाहेर कसे येते

कायद्याचा कल मुलाला घरी पाठवण्याकडे आहे. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन देणे हा नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला धोका होईल किंवा न्यायाला बाधा येईल, असे मंडळाला वाटले तरच नकार, आणि त्याची कारणे लिहून द्यावी लागतात. जामीनदाराशिवायही सोडता येते. जामीन मंजूर झाला पण अटी पुऱ्या करता आल्या नाहीत म्हणून पोरगा सात दिवसांत सुटला नाही, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणायचे असते. हे माहीत नसल्यामुळे आपली पोरे पैशावाचून आत राहतात, आणि आईबाप रोजंदारी बुडवून एजंटाच्या मागे फिरतात. वकील मोफत मिळतो. मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यांचा नंबर १५१००.

परिवीक्षा अधिकारी घरी येऊन चौकशी करतात आणि त्यांचा अहवाल मंडळ बघते. ते आले की घर झाकून ठेवू नका आणि पोराला देवमाणूसही ठरवू नका. शाळा कधी सुटली, का सुटली, सुटल्यावर कोणाकडे राहील, कोण लक्ष ठेवेल, आजार काय आहे, हे सांगा. वस्तीतल्या मुलीबरोबर पळून गेला म्हणून आत आलेला पोरगा आणि चाकू चालवून आलेला पोरगा यांची गोष्ट एक नसते, ती अहवालात नीट यायला हवी. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने. किरकोळ गुन्ह्याची तेवढ्यात संपली नाही तर प्रकरण बंद होते.

आत वाईट चालले असेल तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न नेहमी येतो. पोराला मारले तर कर्मचाऱ्याला दंड आणि पुन्हा केले तर कैदही होऊ शकते, असे कायदा म्हणतो. जिल्ह्याची तपासणी समिती दर तीन महिन्यांनी तरी गृहाला भेट देते, मंडळाच्या सदस्यांनाही भेट द्यावी लागते. पोराच्या पुढच्या तारखेला मंडळापुढेच सांगणे मला सगळ्यात खात्रीचे वाटते, कारण तिथे ते नोंदवले जाते. एकट्या आईला बोलायला धीर होत नसेल तर विहारातल्या दोन-तीन बायांनी सोबत जावे. पोराचा फोटो, नाव वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ‘न्याय मिळावा’ म्हणूनसुद्धा नाही. मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

घरी आल्यावर पहिल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी खरजेचे मलम लावा, खाज असो वा नसो. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरला विचारा. महिनाभर तो दचकून उठेल, दिवे बंद करू देणार नाही, एकदम चिडेल. त्याच्यापुढे आतल्या गोष्टी उकरून काढायला पाहुणे गोळा करू नका. आरोग्याचा कागद गृहातून मागून घ्या आणि औषधे पुढे चालू ठेवा. शाळेने ‘हा रिमांड होमचा’ म्हणून दाखला हातात दिला तर ते चालत नाही. सोळाच्या आतल्या मुलाला मंडळाच्या निर्णयामुळे पुढे नोकरीत किंवा शिक्षणात कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर ठरावीक काळाने त्याचे रेकॉर्ड नष्ट करायचे असते. सोळा ते अठराच्या ज्या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालला, त्याला हे संरक्षण मिळेलच असे नाही. बाकीच्यांना ते आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अंगुलिमालाच्या दीक्षेला जागा दिली आहे. आपण विहारात ती गोष्ट सांगतो, आणि सुटून आलेले पोरगे रविवारी वंदनेला आले तर मागच्या रांगेतले लोक सरकून बसतात. त्याला सतरंजी अंथरायला, पाणी वाटायला, लहान मुलांचा वर्ग घ्यायला बोलवा. आणि पुढच्या तपासणीची तारीख आईला नव्हे, त्यालाच लिहून द्या.